समुद्रराक्षसांची वंशावळ: हेसिओड धरावा की अपोलोडोरस?

ग्रीक पुराणातल्या समुद्रराक्षसांची वंशावळ कागदावर मांडायला घेतली, की लवकरच एकेकाला दोन-दोन आया निघतात. त्यामुळे आधार कुणाचा घ्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे. एक, इ.स.पू. 700 च्या सुमाराचा हेसिओड आणि त्याचं ‘थिऑगनी’ हे हजारेक ओळींचं काव्य. दुसरा, अपोलोडोरसच्या नावावर असलेला, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला ‘बिब्लिओथेका’ हा गद्य ग्रंथ.

खोडाबद्दल दोघांचं एकमत आहे. पाँटस म्हणजे समुद्र, गाया म्हणजे पृथ्वी. त्यांच्या मुलांपैकी फॉर्किस आणि केतो या सख्ख्या भावाबहिणीचंच लग्न झालं, आणि राक्षसांची शाखा तिथून फुटली. केतोच्या नावातच ग्रीक भाषेतला समुद्रातला अजस्र प्राणी, ‘केतॉस’, दडलेला आहे. तरी हेसिओड तिला सुंदर गालांची म्हणतो. तिचा दुसरा भाऊ नेरिअस खरं बोलणारा, मवाळ म्हातारा; त्याच्या 50 मुली म्हणजे सागरकन्या नेरीड. आता नातं लावून पाहा. फॉर्किस आणि केतोची मुलगी मेडुसा, केसांच्या जागी साप असलेली राक्षसीण. नेरिअस तिचा काकाही आणि मामाही, म्हणजे नेरीड तिच्या चुलत बहिणीही झाल्या आणि मामेबहिणीही! मला या घराण्याची ओढ लागली ती इथे. भय आणि माया एकाच अंगणात वाढली आहेत.

फरक पडतो तो एकिडनापाशी. अर्धी सुंदर तरुणी, अर्धी नागीण, आणि टायफॉन या राक्षसापासून झालेल्या सर्बेरस (पाताळाचा राखणदार कुत्रा), हायड्रा (अनेक डोक्यांचा सर्प) यांची आई. तिच्या जन्माच्या वेळी हेसिओड नुसतं ‘तिने आणखी एका अचाट प्राण्याला जन्म दिला’ अशा अर्थाचं म्हणतो. ती म्हणजे कोण? नुकतंच नाव आलेलं असतं ओकेआनोसची मुलगी कॅलिरोई हिचं, पण एकूण वर्णन चाललेलं असतं केतोच्या संततीचं. मराठीतही अशा ‘तिने’वरून घोळ होतोच. बहुतेक अभ्यासक केतो धरतात, आणि मलाही तेच पटतं.

अपोलोडोरस हा प्रश्नच ठेवत नाही. एकिडनाचे आईबाप टार्टारस (म्हणजे पाताळ) आणि गाया, विषय संपला. पण त्याची किंमत मोठी आहे: हायड्रा आणि सर्बेरस समुद्राच्या घराण्यातून बाहेर पडतात. सोनेरी सफरचंदं राखणारा सर्पही हेसिओडकडे केतोचं शेंडेफळ आहे, म्हणजे मेडुसाचा भाऊ. अपोलोडोरस त्याला टायफॉन-एकिडनाच्या पदरात टाकतो.

शाळेतल्या तक्त्यासाठी एकेका प्राण्याचे आईबाप पटकन हवे असतील, तर अपोलोडोरस घ्या. सगळं गोत एका समुद्राचं म्हणून पाहायचं असेल, तर हेसिओडच घ्या आणि एकिडनापाशी, नातं नक्की नाही म्हणून, तुटक रेघ ओढा. मी हेच करीन.

स्किला या समुद्रराक्षसिणीसाठी मात्र दोघांनाही बाजूला ठेवा. ‘थिऑगनी’त ती नाहीच. होमरच्या ‘ओडिसी’च्या 12 व्या सर्गात ती भेटते: 12 पाय, 6 लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा, आणि आवाज नुकत्याच जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा. हा आवाज मला त्या दातांपेक्षा भयंकर वाटतो. होमर आईचं नाव देतो, क्रटेइस. बापाचं देत नाही. पुढच्यांनी ती जागा भरली. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या अपोलोनिअस या कवीने फॉर्किसला बाप केलं आणि हेकाटी या जादूटोण्याच्या देवीचंच दुसरं नाव क्रटेइस असं सांगून आईचाही मेळ घातला. लॅटिनमध्ये हायजिनस तिला थेट टायफॉन-एकिडनाची लेक म्हणतो. होमरची आई ठेवा, फॉर्किसकडे तुटक रेघ न्या.

राजकन्या अँड्रोमेडाला गिळायला आलेल्या केतॉसचे आईबाप अपोलोडोरस सांगत नाही. नेरीडांचा अपमान झाला म्हणून समुद्रदेव पोसायडनने तो धाडला, एवढंच. वंशावळीत त्याला जागा नाही, पण आकाशात आहे. नोव्हेंबरच्या संध्याकाळी महाश्व तारकासमूहाचा मोठा चौकोन शोधा. हा घोडा म्हणजे पेगासस, मेडुसाच्या कापलेल्या मानेतून निघालेला, केतोचा नातू. चौकोनाची पूर्वेकडची बाजू दक्षिणेला तशीच लांबवत न्या. तिथे जो एकटा ठळक तारा लागतो, तो तिमिंगल तारकासमूहाचा, म्हणजे त्याच केतॉसचा.