नळीने भरवताना: सिरिंज, टांगती पिशवी की फीडिंग पंप?

ज्या मुलाला गिळता येत नाही, किंवा गिळताना ज्याचे अन्न श्वासनलिकेत जाते, त्याच्या पोटावर गॅस्ट्रोस्टॉमी करून, म्हणजे थेट जठरात उघडणारे छिद्र करून, नळी किंवा बटन (त्वचेलगत बसणारे, नळी जोडण्याचे बुटके तोंड) बसवले जाते. मूल घरी आले की पहिला मोठा निर्णय असतो तो आहार आत पोहोचवण्याच्या पद्धतीचा. तो सिरिंजने ओतायचा, पिशवी उंच टांगून आपोआप उतरू द्यायचा, की विजेवर चालणाऱ्या पंपाने द्यायचा, हे ठरवावे लागते. रुग्णालयात या तिन्हींची तुलना मिलिलिटर आणि तास यांच्या हिशेबाने होते आणि ती आवश्यकच आहे. पण ही साधने मुख्यतः खाटेवर स्वस्थ पडलेल्या रुग्णाचा आणि पाळीने बदलणाऱ्या परिचारिकांचा विचार करून घडवलेली दिसतात. घरी तीच साधने कूस बदलणाऱ्या, लोळणाऱ्या, नळी ओढणाऱ्या मुलासाठी, दिवसरात्र तीच एक-दोन माणसे चालवत असतात. म्हणून निवड करताना यंत्र काय करू शकते यापेक्षा ते अडले तर घरात काय घडेल, हा प्रश्न आधी विचारावा असे माझे ठाम मत आहे.

काही मुलांच्या बाबतीत निवडीला वावच नसतो. नळीचे टोक जठरात नसून पुढे लहान आतड्यात असेल, तर आहार पंपानेच सावकाश द्यावा लागतो. जठराप्रमाणे साठवून हळूहळू पुढे सोडण्याची सोय आतड्यात नसते, त्यामुळे एकदम ओतलेल्या आहाराने पोटात कळा, जुलाब आणि घाम असे त्रास होतात. ग्लायकोजेन साठवणुकीच्या पहिल्या प्रकारच्या विकारासारख्या आजारात (यात शरीरात साठवलेली साखर गरजेला रक्तात सोडता येत नाही) रक्तातील साखर टिकावी म्हणून पुष्कळदा रात्रभर ठरावीक वेगाने आहार सुरू ठेवावा लागतो, आणि तो मध्येच थांबला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा मुलांच्या पालकांनी पुढची तुलना पंप घ्यावा की नाही यासाठी वाचू नये. कोणता पंप घ्यावा आणि तो बंद पडल्यास काय करावे, हे ठरवण्यासाठी ती वाचावी.

जठरात जाणाऱ्या नळीसाठी सिरिंज हे सर्वांत साधे साधन आहे. साधारणपणे ६० मिलिलिटरची सिरिंज दट्ट्या काढून जोडतात आणि तिच्यात आहार ओततात. सिरिंज वर धरली की वेग वाढतो, खाली आणली की मंदावतो, आणि एक वेळचे भरवणे बहुधा १५ ते ३० मिनिटांत उरकते. यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली तरी घरात तिचे मोल फार असते. शिवाय भरवणाऱ्याची नजर मुलाच्या चेहऱ्यावर असते. उमासा येण्याची चिन्हे, पोट ताठ होणे, अस्वस्थ हालचाल हे त्याला लगेच कळते आणि तो हात खाली घेऊ शकतो. पंपाला यातले काहीच कळत नाही. अडचण अशी की हा एक हात पूर्ण वेळ गुंतून राहतो. मूल रडले किंवा खोकले की पोटातील दाबाने आहार उलटा वर येतो आणि सिरिंजच्या काठावरून सांडतो, आणि नेमके किती आत गेले याचा हिशेब तिथेच चुकतो. दिवसातून पाच-सहा वेळा हे करायचे असेल तर घरातील दुसऱ्या मुलाला, नोकरीला आणि स्वतःच्या जेवणाला उरणारा वेळ तुकड्यातुकड्यांचाच असतो.

टांगत्या पिशवीत हात मोकळे राहतात, एवढाच तिचा मुख्य फायदा आहे. नळीवरची चकती फिरवून थेंबांचा वेग ठरवतात. अनेक संचांत पातळ द्रवाचे सुमारे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर असा हिशेब असतो, पण आहार दाट असला की तो जुळत नाही. पिशवी रिकामी होत जाते, मूल उठून बसते, चकती जराशी सरकते आणि सकाळी लावलेला वेग थोड्याच वेळात वेगळाच झालेला असतो. सूचना देणारी कोणतीही घंटा इथे नसते. मूल अर्धा तास एका जागी बसत असेल आणि मोठे माणूस त्याच खोलीत असेल, तर ही पद्धत उपयोगी आहे; रात्री सर्व झोपलेले असताना ती वापरू नये.

आता पंपाविषयी, कारण सर्वाधिक अपेक्षा त्याच्याकडूनच असतात आणि सर्वाधिक मनस्तापही तोच देतो. पंपातील फिरते चाक नळीला दाबत आहार पुढे ढकलते, आणि तासाला किती मिलिलिटर जावे हे आकड्याने ठरवता येते. ज्या मुलाला एकदम दिलेला आहार सोसत नाही, ज्याला वारंवार उलट्या होतात, किंवा ज्याचे वजन वाढावे म्हणून रात्रीही आहार द्यावा लागतो, त्याच्यासाठी हा संथ आणि एकसारखा वेग खरोखर मोलाचा आहे. दिवसा सिरिंजने भरवल्यावर उलटी करणारे मूल पंपावर शांत राहते, असे पुष्कळदा घडते, आणि तसे घडत असेल तर पुढच्या सर्व तक्रारी सहन करण्याजोग्या ठरतात.

त्या तक्रारी मात्र आधी माहीत असाव्यात. पहिली तक्रार घंटेची आहे. मूल नळीवर लोळले, नळीला पीळ पडला किंवा पिशवीत हवा शिरली की पंप थांबून वाजू लागतो, आणि कारण क्षुल्लक असो वा गंभीर, आवाज बहुतेक वेळा एकसारखाच असतो. याहून त्रासदायक गोष्ट उलट बाजूची आहे. नळी बटनापासून निसटली तर द्रव वाहण्याला काही अडथळाच उरत नाही, आणि म्हणून पंपाला सारे सुरळीत वाटते. तो रात्रभर गादीला आहार देत राहतो आणि सकाळी पडद्यावर पूर्ण मात्रा दिल्याची नोंद दाखवतो. जोडणीवर लावायची पट्टी किंवा कपड्यावर अडकवायची चिमटी हा यावरचा साधा उपाय आहे, पण ते पालकांना स्वतःच शोधून काढावे लागते हे खेदाचे आहे.

दुसरी तक्रार बॅटरीची. माहितीपत्रकात दिलेले तास एका ठरावीक वेगावर आणि नव्या बॅटरीवर मोजलेले असतात. वापराने ते घटत जातात. पाठीवरच्या पिशवीत मावणारे पंप सुमारे ४०० ग्रॅमचेही मिळतात, पण त्यात ५०० मिलिलिटर आहार, पिशवी आणि नळी यांची भर पडली की ओझे एक किलोच्या आसपास जाते. दहा किलो वजनाच्या, नुकत्याच पावले टाकू लागलेल्या मुलासाठी हा भार थोडा नाही. तो चाकाच्या खुर्चीच्या मागे टांगायचा असेल, तर खुर्चीचा तोल जात नाही ना, हेही पाहावे लागते.

तिसरी गोष्ट पुरवठ्याची आहे, आणि निवड करताना नेमकी तीच बाजूला राहते. पंपाची पिशवी आणि नळी बहुधा त्याच कंपनीची लागते, दुसऱ्या कंपनीचा संच बसत नाही. हा संच सहसा दर २४ तासांनी बदलायचा असतो. महिन्याला ३० दिवसांचे ३० संच मिळाले तर कागदावर हिशेब पूर्ण होतो; परंतु जमिनीवर पडलेला, मुलाने उपटलेला किंवा उलटीने खराब झालेला संच त्या हिशेबात कुठेच नसतो. म्हणून पंपाच्या वैशिष्ट्यांची यादी वाचण्याआधी पुरवठादाराला दोन प्रश्न विचारावेत: जादा संच किती आणि किती वेळात मिळतील, आणि पंप दुरुस्तीला गेल्यास बदली पंप केव्हा हाती येईल. या प्रश्नांची उत्तरे गुळमुळीत असतील, तर पंप कितीही चांगला असला तरी तो घेऊ नये.

रात्रीच्या वापरात एक धोका असा आहे की त्याच्याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. लांब नळी झोपेत मुलाच्या गळ्याभोवती अडकू शकते. दोन वर्षांखालील दोन मुलांचा अशा प्रकारे मृत्यू झाल्याची माहिती मिळाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली याविषयी जाहीर इशारा दिला होता. पंप पायाच्या बाजूला ठेवून नळी कपड्याच्या आतून खाली नेणे, हा पुष्कळ घरांतील उपाय आहे. तरीही खूप वळवळणाऱ्या लहान मुलाला रात्री पंप लावावा का, हे त्या मुलाची हालचाल जाणणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

आहार कोणता, यावरही निवड अवलंबून असते. घरचे अन्न बारीक वाटून द्यायचे असेल तर सिरिंज सोयीची पडते, कारण दाट अन्नाने पंपाची नळी तुंबते. त्यासाठी गॅस्ट्रोस्टॉमीची नळीही सहसा १४ फ्रेंच (नळीची जाडी मोजण्याचे एकक) किंवा त्याहून जाड लागते. पंपावर तासन्‌तास टांगलेल्या आहारात जंतू वाढतात, हाही मुद्दा आहे. पावडर कालवून केलेला आहार सामान्य तापमानाला चार तासांहून अधिक टांगू नये, आणि घरी वाटलेल्या अन्नासाठी ही मर्यादा दोन तासांचीच धरतात. पंपाच्या मदतीने आठ तास सलग झोप मिळेल अशी आशा असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे: पावडरीचा आहार असेल तर मध्यरात्री उठून ताजा भरावा लागेल.

जठराला सोसत असेल तर सिरिंजने सुरुवात करावी आणि पंप केवळ रात्रीसाठी किंवा आजारपणासाठी ठेवावा, असे मी सुचवीन. दिवसा सिरिंज आणि रात्री पंप ही जोडी अनेक मुलांना मानवते. मूल सतत पंपावर असले, तरी पंप बंद पडल्यास सिरिंजने किती मिलिलिटर, किती अंतराने आणि किती सावकाश द्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद पंपाजवळच ठेवावा. आतड्यात नळी असलेल्या किंवा साखर उतरण्याचा धोका असलेल्या मुलासाठी हा कागद पुरेसा नाही. तिथे दुसरा पंप आणि कोणत्या वेळी थेट रुग्णालय गाठायचे याची स्पष्ट वेळमर्यादा, दोन्ही हवीत.

कोणतीही पद्धत निवडली तरी जोडणीचे तोंड तपासल्याशिवाय मागणी नोंदवू नये. आहाराची नळी चुकून शिरेच्या नळीला जोडली जाऊ नये, म्हणून २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानकाने एन्फिट नावाची निराळी जोडणी ठरवली. उद्देश निःसंशय योग्य आहे. परंतु जुन्या आणि नव्या तोंडांचे सामान एकाच घरात येऊ लागले की बटनाची नळी एका प्रकारची, औषधाची सिरिंज दुसऱ्या प्रकारची असा घोळ होतो आणि तो बहुधा औषधाच्या वेळीच उघडकीस येतो. एन्फिटच्या तोंडाच्या खोबणीत आहार साचून घट्ट होतो, तो रोज मऊ ब्रशने काढावा लागतो. अगदी थोड्या मात्रेची औषधे द्यायची असतील तर अल्पमात्रेसाठी बनवलेल्या टोकाचीच सिरिंज मागावी, कारण साध्या टोकात अडकणारे थेंबही लहान मुलाच्या मात्रेत फरक पाडू शकतात. नवीन सामान हाती आले की बटनाची नळी, सिरिंज आणि पंपाचा संच पाणी भरून एकमेकांना जोडून पाहावा, आणि न जुळणारा भाग खोके फोडल्याच्या दिवशीच परत करावा.