रेडियमचा डायल न्यायला आलेले दोघे: किरणोत्सार नियामक कार्यालयाच्या सेवेचा अनुभव

माझ्या संग्रहात जुन्या विमानातला एक उंचीमापक होता. काटा अडकायचा, म्हणून एका रविवारी मी तो उघडला. आकड्यांवरचा किरणोत्सारी रेडियम मिसळलेला रंग अंधारात चमकायचा केव्हाच बंद झाला होता आणि तिथेच मी गाफील राहिले. चमक विझते ती रंगातल्या झिंक सल्फाइडची. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षांचं, ते कुठे जात नाही. मी भौतिकशास्त्र शिकवते, मला हे आधी आठवायला हवं होतं. काटा सोडवताना स्क्रूड्रायव्हर डायलला घासला आणि टेबलावरच्या कापडावर पिवळट-तपकिरी भुगा पडला. किरणोत्सार मोजणारा माझा छोटा गायगर काउंटर एरवी मिनिटाला बावीस-पंचवीस टिकटिक करतो. तिथे धरला तर आकडा चार हजारांच्या वर गेला.

नियामक कार्यालयाला कळवायचं की नाही, यावर मी एक अख्खी रात्र घालवली. कारण मला स्वीडनमधल्या एंगेलहोल्मची गोष्ट माहीत होती. २०११ साली तिथला एक माणूस घरातच रेडियम आणि अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांवर प्रयोग करत होता. हे कायदेशीर आहे का, असं त्याने स्वतःच किरणोत्सार प्राधिकरणाला विचारलं आणि त्याच्या दारात पोलीस आले. त्याचं वागणं धोक्याचंच होतं, त्याची बाजू मी घेत नाही. पण ती बातमी वाचणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाने मनात एकच नोंद केली: विचारू नये. आणि न विचारण्याचं काय होतं तेही ठाऊक आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये एका किशोरवयीन मुलाने घरामागच्या शेडमध्ये अणुभट्टीचा खटाटोप केला होता. १९९५ साली सरकारी पथकाने ती शेड तोडली आणि ३९ पिंपं भरून कचरा युटा राज्यात पाठवला. पण त्याआधीच, घर हातचं जाईल या भीतीने, त्याच्या आईने शेडमधला बराच ऐवज घरच्या कचऱ्यात टाकून दिला होता. तो कुठे गेला, कोणी मोजला नाही.

म्हणून सकाळी मी कार्यालयाला फोन केला. आता सेवेबद्दल.

सुरुवात वाईट झाली. फोनवर पहिला प्रश्न, "कुठल्या कंपनीतून बोलताय?" कंपनी नाही म्हटल्यावर ईमेल करायला सांगितलं. उत्तराला तीन दिवस लागले. सोबत आलेल्या अर्जात स्रोताचा अनुक्रमांक, उत्पादकाचं प्रमाणपत्र, बेक्वेरल या एककातली सक्रियता (सेकंदाला किती अणू फुटतात ते) आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव विचारलं होतं. हा अर्ज कारखान्यासाठी केलेला आहे. घरातल्या माणसाने त्यात काय भरावं? मी चार रकाने मोकळे ठेवून पाठवला. इथेच पुष्कळ लोक नाद सोडत असतील, आणि हे कार्यालयाला कळायला हवं.

अर्जाखालच्या पाच ओळी मात्र नेमक्या होत्या. पुन्हा उघडू नका. व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. कापड आतल्या बाजूला घडी करून पिशवीत घाला. बसण्या-झोपण्याच्या जागेपासून लांब ठेवा. कचऱ्यात टाकू नका.

आठवड्याने दोघं आले, एक वयस्कर बाई आणि एक तरुण. मी उपदेशाची तयारी ठेवली होती. बाई म्हणाल्या, "मॅडम, आधी तुम्ही कुठे बसला होतात ते दाखवा. आणि त्या टेबलावर नंतर काही खाल्लंत का?" प्रश्न बरोबर होता, कारण रेडियम पोटात किंवा फुप्फुसात गेलं तरच खरी पंचाईत, शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडात साठवतं. मग त्यांनी चपट्या तोंडाचा प्रोब पृष्ठभागापासून जेमतेम सेंटिमीटरभर वर धरून इतका सावकाश फिरवला की एका टेबलाला वीस मिनिटं लागली. तरुणाने गोल फिल्टर पेपर टेबलावर घासला आणि तोही मोजला. टेबल स्वच्छ निघालं. कापडावर दोन डाग. आणि मग त्यांनी विचारलं, "स्क्रूड्रायव्हर कुठाय?"

तो मी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. त्याच्या टोकावर रंग होता, सोबतच्या पक्कडीवरही लागला होता. माझ्या काउंटरला ते सापडलं नव्हतं, कारण मी तो घाईने आणि लांबून फिरवला होता. शिवाय त्याची नळी काचेची, रेडियममधून निघणारे अल्फा कण तिच्या आत शिरतच नाहीत. बाईंनी माझाच काउंटर माझ्या हातात देऊन कसा धरायचा ते दोनदा करवून घेतलं. गेली आठ वर्षं मी तो चुकीचा वापरत होते.

उंचीमापक, कापड, हत्यारं दुहेरी पिशव्यांत गेली. माझ्या संग्रहातली युरेनियम काचेची वाटी आणि थोरियम असलेली जुनी कॅमेरा लेन्स मात्र त्यांनी माझ्याकडेच ठेवली. "राहू द्या. फोडू नका, पॉलिश करू नका." नियमामागचं तत्त्व मला त्या वाक्यात नीट समजलं. परवानगीतून सवलत असते ती अख्ख्या वस्तूला. धुराच्या अलार्ममध्ये साधारण ३७ हजार बेक्वेरल अमेरिशियम असतं आणि तो छताला लावायला कोणाची परवानगी लागत नाही. पण तो फोडून आतली चकती काढली, की सवलतीचा आधारच गेला.

नंतर आलेल्या पत्राने जरा विरस झाला. कलमं, दंडाची तरतूद, कंपन्यांना जाते तीच भाषा. मोजमापांचे आकडे मात्र त्यात नव्हते. ते मागून घ्यावे लागले.

घरी येणाऱ्या माणसांना पाचपैकी पाच. फोन, अर्ज आणि पत्राला दोन.

परवा माझा एक जुना विद्यार्थी डब्यात चार उघडलेले अलार्म घेऊन घरी आला. डबा मी उघडू दिला नाही. माझ्यासमोर बसून त्याने कार्यालयाला ईमेल केला, अर्जातले कुठले रकाने मोकळे सोडायचे ते मी सांगितलं. आज दुसरा दिवस आहे, उत्तर अजून आलेलं नाही.