वहाळ ओलांडायचाय, पायात काय घालू?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पालीच्या धबधब्याकडे जाताना वहाळ, म्हणजे ओढा, पुन्हा पुन्हा आडवा येतो. अशा वाटेसाठी बूट घ्यायला गेलात की दुकानदार आधी वॉटरप्रूफ जोड पुढे करतो. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर तो घेऊ नका.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. बूट घोट्यापर्यंत, वहाळ गुडघ्यापर्यंत. पाणी वरून शिरतं आणि बाहेरचं पाणी अडवणारं अस्तर मग आतलंही अडवून धरतं. शिवाय या अस्तरातून घामाची वाफ बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. जुलैत ती कुठून आणायची? वहाळ लागला नाही तरी मोजे घामानेच भिजतात आणि असा बूट घरी आणल्यावर लवकर वाळतही नाही.

जाळीचे हलके शूज पहिल्याच पावलाला भिजतात. पण पलीकडे जाऊन थोडं चाललं की बरंचसं पाणी निथळतं, पाय जड होत नाहीत. सोबत सुती मोजे नकोत, पातळ लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. वरची जाळी दिसायला कशी आहे यापेक्षा तळवा बघा: शेवाळलेल्या दगडावर कडक प्लास्टिकचा तळवा म्हणजे आपटण्याची हमी. जळवांचा एवढा बाऊ नको, पण घट्ट विणीचे उंच लीच सॉक्स घातलेले बरे.

सँडल सगळ्यांत लवकर वाळतात, पण पट्ट्याखाली खडे अडकतात आणि जळवांना तर मेजवानीच. मुक्कामाच्या ट्रेकला दुसरा जोड म्हणून त्या उत्तम. दर वहाळाला बूट काढून सँडल चढवायचा बेत मात्र पालीसारख्या वाटेवर फार वेळ टिकत नाही. अनवाणी तर उतरूच नका. गढूळ पाण्यात दगड दिसत नाहीत आणि सहलीला आलेल्यांनी फोडलेल्या बाटल्याही दिसत नाहीत.

पाय खरोखर कोरडे ठेवतो तो गमबूट. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, काम करणारे उगाच घालत नाहीत. नडगीखालचं पाणी आणि थोडंच अंतर असेल तर त्याच्यासारखं काही नाही. लांब चढाला टाच सोलवटते, आणि खोल पाण्यात तो भरला तर पाऊल उचलणं कठीण.

नोव्हेंबरात गणित उलटतं. पाणी घोट्याखाली आलेलं असतं, दगडांवरून पलीकडे जाता येतं, भिजवतं ते सकाळचं दव पडलेलं गवत. तेव्हा वॉटरप्रूफ बुटाचे पैसे वसूल होतात.

म्हणजे पावसाळी एका दिवसाच्या वाटेला जाळीचे शूज, मुक्काम असेल तर त्यांच्यासोबत सँडल. निघताना बोटांच्या बेचक्यांत खोबरेल चोळा आणि एक मोजे-जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, तो फक्त रात्रीसाठी. दिवसभर भिजलेले पाय रात्री कोरडे राहिले तर चिखल्यांचा त्रास बराच टळतो.

वेगाचं पाणी गुडघ्याला लागलं किंवा अचानक गढूळलं तर कुठल्याच बुटावर भरवसा ठेवू नका, परत फिरा. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही वहाळ फुगवतो. पावसाळ्यात अभयारण्यातल्या धबधब्यांवर वनखातं कधी कधी बंदी घालतं, तेव्हा खरेदीआधी वाट खुली आहे का तेही विचारून घ्या.