८×४२ दुर्बीण, नऊ महिने आणि सगळे सारखेच दिसणारे वटवटे

घटस्थापनेच्या आठवड्यात घेतलेली ८×४२ दुर्बीण (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) आता आषाढात नऊ महिन्यांची झाली. किंमत साडेअकरा हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच मापाच्या आणि साधारण याच किमतीच्या दुर्बिणी कितीतरी नावांनी मिळतात.

मी कोथरूडला राहते आणि आठवड्यातून तीन-चार सकाळी वेताळ टेकडीवर जाते. मोर नाहीतर घार ओळखायला दुर्बीण लागत नाही. मला ती हवी होती घाणेरीच्या जाळीत शिरणाऱ्या बोटभर, मातकट पाखरांसाठी. दोन वर्षं माझ्या वहीत त्यांच्यापुढे नुसतं 'वटवट्या?' असं लिहिलेलं आहे.

दुकानदार १०×४२ गळ्यात मारत होता. "ताई, जास्त मोठं दिसतं." दिसतं खरं, पण हातही दहापट थरथरतो. शिवाय ४२ मिलिमीटरच्या भिंगाला ८ने भागलं की डोळ्यापर्यंत ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो, १०ने भागलं की ४.२. सकाळी साडेसहाला गर्द झाडीत एवढा फरक जाणवतो. माझ्या खोक्यावर १००० मीटरवर १२८ मीटर असा दृष्टिपट्टा, म्हणजे एका नजरेत दिसणारी रुंदी, छापलाय. वटवट्या एका फांदीवर दोन सेकंदही बसत नाही. पट्टा अरुंद असेल तर पक्षी सापडेपर्यंत तो पुढच्या झाडावर गेलेला असतो.

ऑक्टोबरमध्ये थंडीचे पाहुणे आले आणि दुर्बिणीची खरी परीक्षा सुरू झाली. त्यातले दोघे मला कायम छळायचे: ब्लिथचा बोरू वटवट्या आणि हिरवट पर्ण वटवट्या. दोघेही चिमणीहून लहान, वरून मळकट, खालून फिके. मी पहिला महिना रंग बघण्यात घालवला. सावलीत हिरवट तपकिरी होतो आणि उन्हात तपकिरी हिरवट, त्यामुळे रोज उत्तर बदलायचं. टेकडीवर एक काका भेटतात, तीस-पस्तीस वर्षं पक्षी बघणारे. एकदा मी त्यांना ऐटीत वर्णन ऐकवलं, तर म्हणाले, "अहो, रंग राहू द्या. भुवई कुठपर्यंत जाते ते सांगा." भुवई म्हणजे डोळ्यावरची फिकी रेघ. मला सांगता आलं नाही, कारण मी बघितलीच नव्हती.

तेव्हापासून आधी डोकं बघते. हिरवट पर्ण वटवट्याची भुवई लांब, डोळ्याच्या बरीच मागे जाणारी, आणि चोच नाजूक. ब्लिथवाल्याची भुवई डोळ्यापाशीच जवळजवळ संपते, कपाळ उतरतं आणि चोच चांगली लांब. हिरवट बहुतेक वेळा ग्लिरिसिडियाच्या शेंड्यात भिरभिरतो. ब्लिथ खालच्या जाळीतून 'टक्... टक्' करत राहतो, जणू कोणी दोन खडे एकमेकांवर आपटतंय. हिरवटाच्या पंखावर एक फिका पट्टा असतो. पुस्तकात तो ठसठशीत काढलेला, प्रत्यक्षात पुसट, आणि पिसं झिजली की फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसेनासाच होतो. पट्टा नाही म्हणून मी दोनदा चुकीचं नाव लिहिलं.

या पट्ट्यापायीच दुर्बिणीचा सगळ्यात मोठा दोष कळला. पांढुरक्या आकाशाकडे तोंड करून उंच वडात बघितलं की पानांच्या कडांना जांभळी-पिवळी किनार येते. डिसेंबरात अशा उजेडात मला एका पाखराच्या पंखावर चक्क दोन पट्टे दिसले आणि मी ह्यूमचा पर्ण वटवट्या लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी तोच पक्षी त्याच वडावर ऊन पाठीशी घेऊन बघितला. एकच पट्टा. दुसरा माझ्या भिंगाचा होता. आता आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा कुठलाही पट्टा मी मोजत नाही. महागड्या काचेत ही किनार बरीच कमी असते. काकांच्या दुर्बिणीतून पाहिलंय, आणि तिची किंमत विचारून गप्प बसले.

वटवट्यांपैकी इथलेच रहिवासी त्यामानाने सोपे. राखी वटवट्याचा लालसर डोळा या दुर्बिणीत झकास दिसतो. साध्या वटवट्याची भुवई फिकी आणि चेहरा निस्तेज. एक मात्र ध्यानात ठेवा: राखीला विणीच्या हंगामाबाहेर छोटी पांढरी भुवई असते, पावसाळ्यात ती नसते. जूनमध्ये मला वाटलं, नवाच पक्षी आला. बूटेड आणि साइक्सचा वटवट्या यांच्यापुढे मात्र मी हात टेकलेत. ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, दोन्ही नावं तिरप्या रेघेने जोडून लिहायची सोय आहे, तीच वापरते.

साइक्स म्हणजे कंपनी सरकारच्या फौजेतले कर्नल. दख्खनच्या पक्ष्यांची यादी त्यांनी १८३२ साली प्रसिद्ध केली आणि शास्त्रीय नावांत एका चंडोलाला 'देवा', तर या वटवट्याला 'रामा' जोडलं. जानेवारीत सासवडच्या माळावर तो देवा चंडोल बघितला: तुरा, तांबूस पोट, छातीवर बारीक आणि मोजक्याच रेघा. सिंहगडाच्या माथ्यावर दिसणाऱ्या मलबारी चंडोलालाही तुराच, पण छाती भरपूर रेघांची आणि चोच जाडजूड. उघड्या माळावर दोन्ही वेळा दुर्बीण अगदी निवांत चालली. चंडोल ढेकळावर बसून राहतो बिचारा.

सगळ्यात अनपेक्षित उपयोग घरात झाला. ही दुर्बीण दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवते, म्हणून बाल्कनीतल्या जास्वंदीवर मध प्यायला येणारे शिंजीर (सनबर्ड) खुर्चीत बसून बघता येतात. जांभळ्या शिंजिराची मादी गळ्यापासून खाली पिवळसर, जांभळ्या पाठीच्याची गळ्याशी फिक्कट आणि पोटाला पिवळी. आणि गळ्यापासून पोटापर्यंत एकच काळी रेघ असलेला 'तिसरा प्रकार' म्हणजे विणीनंतर साधे कपडे चढवलेला जांभळा नर. लेकीला हे माझ्या आधी कळलं होतं, तिने ते महिनाभर सुनावलं.

बाकी तक्रारी भराभर. उजव्या डोळ्याचं रबर चौथ्या महिन्यात सैल झालं; वॉरंटीत बसत नाही असं उत्तर मिळालं, म्हणून केसांचं रबरबँड गुंडाळलंय. पुढची एक टोपी टेकडीवरच्या खाणीजवळ पडली ती पडलीच. फोकसचं चाक डिसेंबरच्या पहाटे इतकं घट्ट होतं की वटवट्यासाठी ते उशिराच पोचतं. सोबतचा गळ्यात अडकवायचा पट्टा तासाभरात मान धरतो. पाठीवरून क्रॉस जाणारा घेतला, सातशे रुपये आणखी गेले.

तरी परत घेईन का? आठ पटीचीच घेईन. पैसे साठले तर काच बरी बघेन.

पावसात आत वाफ धरली नाही. नायट्रोजन भरलेला आहे म्हणतात, ते खरं असावं. बाहेरून मात्र धुकं बसतं आणि ओढणीने पुसायचा मोह आवरावा लागतो, आधी ब्रशने धूळ काढायची. सध्या ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आहे. डबा चकलीचा होता. दुर्बीण डोळ्याला लावली की अजून भाजणीचा वास येतो.