चार स्केलचा मड बॅलन्स : आठ महिन्यांच्या पाइलिंगनंतर

बेंटोनाइट स्लरीची (बोअरमध्ये भरायचं बेंटोनाइट मातीचं पातळ मिश्रण) घनता मोजायचा हा धातूचा काटा, म्हणजे मड बॅलन्स, खाडीकाठच्या पाइलिंगवर (जमिनीत खोल बोअर घेऊन काँक्रीटचे खांब ओतण्याच्या कामावर) आठ महिने रोज वापरात आहे. अंग मजबूत आहे, चिखलपाण्यात टिकतो, वीज-सेल काही लागत नाही. घ्यायला हरकत नाही. पण हा काटा मूळचा तेलविहिरींसाठी बनलेला. त्यामुळे दांड्यावर चार स्केल आहेत : पौंड प्रति गॅलन, पौंड प्रति घनफूट, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड, आकडा ग्रॅम प्रति मिलिइतकाच) आणि हजार फुटांमागे पीएसआय (दाब, पौंड प्रति चौरस इंच). साइटच्या रजिस्टरमध्ये मात्र ग्रॅम प्रति मिलि लिहावं लागतं. काट्याच्या दोषापेक्षा या चार स्केलांच्या घोळानेच जास्त आकडे चुकतात.

पहिली गोष्ट, गॅलन कुठला? काट्यावरचा गॅलन अमेरिकी आहे, 3.785 लिटरचा. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा. म्हणून 1 ग्रॅम प्रति मिलि म्हणजे अमेरिकी हिशोबाने 8.345 पौंड प्रति गॅलन आणि ब्रिटिश हिशोबाने 10.022. काट्यावरचं 9.3 कुणी ब्रिटिश गॅलन धरून भागलं तर उत्तर 0.93 येतं. स्लरी पाण्यापेक्षा हलकी असूच शकत नाही, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. उलट दिशेची चूक धोक्याची. ब्रिटिश गॅलनमध्ये लिहिलेली 11.2 पौंडांची मर्यादा म्हणजे 1.12 ग्रॅम प्रति मिलि. तोच 11.2 या काट्याच्या स्केलवर शोधला, तर प्रत्यक्षात 1.34 ची गाळाने भरलेली स्लरी पास होऊन जाते, आणि आकडा जुळल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

आयएस 2911 या पाइलिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे बोअरमध्ये माती मिसळून स्लरी 1.25 पर्यंत जाऊ शकते, पण काँक्रीट ओतण्याआधी फ्लशिंग करून (गढूळ स्लरी बदलून) ती 1.12 वर किंवा खाली आणायची असते. जड स्लरी ट्रेमीतून (काँक्रीट तळापर्यंत नेणाऱ्या पाइपातून) येणाऱ्या काँक्रीटला नीट जागा करून देत नाही, सळ्यांना चिकटून राहते आणि तळाशी गाळ दबतो. आता हा 1.12 चा आकडा स्केलवर कुठे पडतो ते पाहा : 9.35 पौंड प्रति गॅलन. गॅलनच्या स्केलवर एक भाग 0.1 चा, म्हणजे 9.3 आणि 9.4 यांच्या बरोबर मध्ये. 9.3 म्हणजे 1.114, पास. 9.4 म्हणजे 1.126, नापास. डोळ्याने अंदाज घेऊन इकडचं तिकडे केलं की निकालच फिरतो. पौंड प्रति घनफूटचं स्केल थोडं बारीक आहे, अर्ध्या पौंडाचे भाग. तिथे 69.5 पास (1.113) आणि 70 किंचित वर (1.121). तरी सरळ विशिष्ट गुरुत्वाच्या स्केलवरच वाचा. तिथे 0.01 चे भाग आहेत आणि रूपांतराची कटकटच उरत नाही. दुसऱ्या स्केलवरचं रीडिंग घ्यावंच लागलं, तर मूळ आकडा एककासह लिहा, एकदाच रूपांतर करा आणि शेवटीच पूर्णांकित करा. आधी 9.35 चं 9.4 करून मग भागाल, तर चांगली स्लरी नापास ठरेल.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवायला एवढं पुरे : ग्रॅम प्रति मिलि गुणिले 8.345 म्हणजे पौंड प्रति गॅलन, गुणिले 62.43 म्हणजे पौंड प्रति घनफूट. किलो प्रति घनमीटर हवं असेल तर पौंड प्रति घनफूटला 16.018 ने गुणा. पीएसआयचं स्केल पाइलिंगला लागत नाही.

काही जण 8.345 ऐवजी 8.33 ने भागतात. 8.33 हे 21 अंश सेल्सिअसच्या पाण्याचं वजन आहे, त्या पाण्याची घनता 0.998. फरक 0.2 टक्क्याचा, काट्याच्या एका भागातही दिसत नाही. त्यावरून वाद घालू नका.

रोज सकाळी गोड्या पाण्याने काटा तपासा. रीडिंग 1.00 यायला हवं. जास्त आलं तर दांड्याच्या टोकाचं झाकण उघडून शिशाचा एखादा छर्रा टाका, कमी आलं तर काढा. खाडीकाठी एक सापळा आहे : बोअरवेलचं किंवा भरतीचं खारं पाणी. समुद्राचं पाणी 1.025 च्या आसपास असतं. त्यावर काटा 1.00 ला लावला, की पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढं कमी येतं. तपासणीसाठी पिण्याच्या पाण्याचा वेगळा कॅन ठेवा.

मोजताना कप काठोकाठ भरा आणि बाजूने बोटाने टिचक्या मारा. बेंटोनाइट जेलीसारखं धरतं, बुडबुडे आपणहून वर येत नाहीत आणि हवा राहिली की रीडिंग कमी येतं. झाकण फिरवत दाबताना मधल्या भोकातून स्लरीचा ठिपका बाहेर यायलाच हवा. नाही आला, तर कप अपुरा भरलाय किंवा भोक सुकलेल्या बेंटोनाइटने बुजलंय. भोकावर अंगठा ठेवून कप बाहेरून धुवा, कोरडा पुसा, मगच काटा आधाराच्या धारेवर ठेवा. पुसायचं राहिलं तर रीडिंग वाढतं. रायडर (दांड्यावर सरकणारं वजन) सरकवत लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला की रायडरची कपाकडची कड वाचा, दुसरी नव्हे. नवा मुलगा हमखास इथेच चुकतो.

ताज्या स्लरीवर आकड्याची खातरजमा करता येते. हजार लिटर पाण्यात 50 किलो बेंटोनाइट घातलं, तर घनता 1.03 च्या जवळपास यायला हवी, गॅलनच्या स्केलवर 8.6. तिथे 1.08 दिसलं तर आधी पाण्याचं रीडिंग पुन्हा घ्या.

आठ महिन्यांत दोन उणिवा जाणवल्या. घनफुटाच्या स्केलवरचे आकडे पुसट झालेत. आणि दोन काट्यांची झाकणं अदलाबदल झाली की दोन्ही काटे चुकतात, कारण तपासणी त्या त्या झाकणाच्या वजनासह झालेली असते. कप आणि झाकणावर ठोकून एकच नंबर पाडून घ्या. कपाला पोचा आला तर छर्रे टाकून भागवू नका, कपाचं आकारमानच बदललेलं असतं. पाण्यावर तो 1.00 दाखवेल आणि जड स्लरीवर चुकेल.