कॅलरी मोजणारी ॲप्स: नोंदवही बरी, लक्ष्य घातक

नोंद ठेवण्यापुरती ही ॲप्स सोयीची आहेत. बारकोड दाखवला की पाकिटावरचे आकडे आपोआप भरले जातात. गडबड होते ती सुरुवातीच्याच स्क्रीनवर, ‘आठवड्याला किती वजन कमी करायचंय?’ या प्रश्नापाशी. तिथे १ किलो निवडलं की ॲप १ किलो चरबीचे साधारण ७,७०० कॅलरी धरतं आणि रोजच्या गरजेतून ११०० वजा करतं. दिवसाला १८०० लागणाऱ्या बाईसाठी उरतात ७००. काही ॲप्स १२०० च्या खाली जाऊ देत नाहीत, काही नुसती सूचना दाखवून वाट मोकळी करतात. ८०० किंवा त्याहून कमी कॅलरींचा आहार फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचा असतो.

आकड्यांवरही फार विसंबू नये. बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी, शिजलेल्या भातात १३० च्या आसपास. चुकीची ओळ निवडली की हिशोब कोसळला.

सगळ्यात मोठा दोष मात्र हिरव्या खुणेचा. लक्ष्यापेक्षा कमी खाल्लं तरी शाबासकीच! पहिल्या आठवड्यात आलेख भराभर उतरतो, पण त्यात पाणीच जास्त असतं, कारण साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (शरीरातला साखरेचा साठा) साधारण ३ ग्रॅम पाणी निघून जातं. पुढे सतत थंडी वाजणं, नाडी मंदावणं, पाळी थांबणं, दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येणं, यातलं काहीच आलेखात दिसत नाही. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन घटलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तेही रोज सुमारे १६०० कॅलरींवर. त्यांच्या डोक्यात दिवसभर खाण्याशिवाय दुसरा विषय उरला नव्हता. त्यामुळे ‘रात्री ताबा सुटतो’ याला आळस किंवा कच्चं मन म्हणणं चूक. उपाशी शरीर तसंच वागतं.

उपासमारीतून सावरणाऱ्यांसाठी हे ॲप शून्य गुणांचं. त्यांनी घड्याळ वापरावं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, कुठल्याही दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नाही. सुरुवातीला भुकेची जाणीव भरवशाची नसते, म्हणून भूक नसली तरी वेळेवर खायचं. पुन्हा नीट खायला लागल्यावर पोट फुगू शकतं, घोट्यांवर सूज येऊ शकते, वजनाचा काटा एकदम वर जाऊ शकतो. यातलं बरंचसं पाणी असतं. इथेच घाबरून काही जण पुन्हा ताट कमी करतात. सूज वाढत गेली तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर घरी एकदम भरपेट जेवण नको. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी डॉक्टर, रक्ततपासणी आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व). मग आहार टप्प्याटप्प्याने वाढवायचा. चक्कर किंवा छातीत धडधड असेल तर थेट रुग्णालय.

नोंद हवीच असेल तर आकडे न दाखवणारी, जेवण आणि मनःस्थिती टिपून आहारतज्ज्ञाला पाठवणारी ॲप्सही मिळतात. जुनं ॲप काढताना नुसतं आयकॉन उडवू नका, खातंही बंद करा. नाहीतर ‘आजची नोंद राहिली’ असे ईमेल येत राहतात.