फॅमिली ट्रस्ट, एचयूएफ की सरळ आईच्या नावावर: घरातला टॅक्स नक्की कशाने कमी होतो?

पगार तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, वर एफडीचं व्याज, एखाद्या फ्लॅटचं भाडं, त्याच्यावरही तीस टक्के जातायत, आणि मग एखाद्या लग्नात किंवा ऑफिसात कोणीतरी सांगतं की अरे फॅमिली ट्रस्ट कर ना, मोठे लोक तेच करतात. मेलबर्न-सिडनीला कोणी नातेवाईक असेल तर हे हमखास ऐकायला मिळतं, आणि त्यांचं तिकडे खोटंही नसतं, ऑस्ट्रेलियात फॅमिली ट्रस्टने वर्षाचं उत्पन्न घरातल्या मोठ्या माणसांत वाटलं की ज्याच्या त्याच्या स्लॅबने टॅक्स लागतो (अठरा वर्षांखालच्या मुलांना वाटलं तर वर्षाला ४१६ डॉलरच्या पुढे जबर दर लागतो, म्हणजे तिकडेही मोकळं रान नाहीच). पण तोच सल्ला उचलून पुण्यात किंवा नाशकात लावायला गेलं की गणित पार बदलतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. पगार कुठेच हलत नाही, ना ट्रस्टमध्ये, ना एचयूएफमध्ये (म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, ज्याला इन्कम टॅक्सवाले वेगळा करदाता धरतात). तो ज्याने कमावला त्याच्याच नावावर. हलू शकतं ते फक्त मालमत्तेतून येणारं उत्पन्न, आणि तेही मालमत्ताच खरोखर दुसऱ्याच्या नावावर केली तर. व्याज तेवढं बायकोच्या खात्यात वळवलं आणि एफडी आपल्याच नावावर, असलं काही चालत नाही.

सगळीकडे एकच उदाहरण धरतो म्हणजे तुलना सोपी पडेल. पगार २८ लाख, नवी रेजीम, आणि ६० लाखांची एफडी ७ टक्क्यांनी, म्हणजे व्याज ४ लाख २० हजार. आज त्या व्याजावर सेससकट ३१.२ टक्के, म्हणजे १,३१,०४० रुपये जातायत. हे कसं कमी होईल एवढाच प्रश्न. (कलमांचे नंबर १९६१ च्या आयकर कायद्यातले देतोय, १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आल्यावर नंबर बदललेत, पण सीए लोकांच्या तोंडात अजून जुनेच आहेत.)

ट्रस्ट

ट्रस्ट म्हणजे मालमत्ता ट्रस्टींच्या हाती द्यायची आणि त्यांनी ती लाभार्थ्यांसाठी सांभाळायची. प्रायव्हेट ट्रस्ट होतो १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्टखाली. धर्मादाय आयुक्त, ८०जी, १२ए हे सगळं पब्लिक ट्रस्टचं, त्याचा इथे संबंध नाही, आणि घरच्यांच्या फायद्यासाठी पब्लिक ट्रस्ट काढायची आयडिया कोणी दिली तर त्याचा नंबर डिलीट करा.

प्रायव्हेटमध्ये दोन प्रकार. डिस्क्रीशनरी म्हणजे कोणाला किती द्यायचं ते ट्रस्टी दरवर्षी ठरवणार. ऑस्ट्रेलियावाले ज्याबद्दल बोलतात तो हाच. आणि आपल्याकडे कलम १६४ नेमकं त्याच्यावरच बसलंय, ट्रस्टच्या उत्पन्नावर सहसा सगळ्यात वरचा दर, पहिल्या रुपयापासून, चार लाखांची सूट वगैरे काही नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात ट्रस्ट केला, डीड केलं, पॅन काढलं, दरवर्षी वेगळं रिटर्न भरलं आणि टॅक्स किती, तर तोच १,३१,०४०. वरून सीएची फी. बरं, एवढ्याशा उत्पन्नावरही सगळ्यात वरचा सरचार्ज (मोठ्या उत्पन्नावर टॅक्सच्या वर लागणारा अधिभार) लावायचा का यावर भांडणं चालली होती, २०२५ मध्ये मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने सांगितलं की सरचार्ज उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच, नाहीतर हाच आकडा दीड लाखाच्या पुढे गेला असता.

दुसरा स्पेसिफिक ट्रस्ट, ज्यात कोणाचा किती हिस्सा ते डीडमध्येच पक्कं. इथे कलम १६१ प्रमाणे लाभार्थ्याला जेवढा टॅक्स लागला असता तेवढाच लागतो. वीस वर्षांची मुलगी शिकतेय, तिला दुसरं काही उत्पन्न नाही, तर ४ लाख २० हजारांवर शून्य (बारा लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे, ते पुढे येतंच). छान वाटतं ना? पण हीच एफडी तिला सरळ गिफ्ट केली असती तरी शून्यच होतं. टॅक्स वाचला तो मुलगी अठराच्या वर आहे म्हणून, ट्रस्टमुळे नाही. मुलगा बारा वर्षांचा असेल तर ते उत्पन्न फिरून आई-बापापैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात जमा होतं, ट्रस्ट असो नसो. लाभार्थी बायको किंवा सून असेल तरी तेच, कलम ६४ ने ट्रस्टमधून जाणारी वाटही बंद केलीय. आणि ट्रस्ट कधीही रद्द करायचा हक्क स्वतःकडे ठेवला तर सगळंच उत्पन्न परत तुमचं. ट्रस्टमध्ये धंदा घातला तर तिथेही वरचा दर.

मग ट्रस्ट करायचा कोणी? टॅक्स वाचवायला नाही, ज्याला कंट्रोल हवाय त्याने. मुलगा मतिमंद आहे आणि आपल्यामागे त्याचं कोण बघणार ही काळजी आहे, दुसरं लग्न आहे आणि पहिल्या लग्नाच्या मुलांचा वाटा पक्का करायचाय, वीस वर्षांच्या पोराच्या हातात एकदम ६० लाख द्यायची भीती वाटतेय, अशा घरांत ट्रस्ट खरंच कामाचा आहे, आणि त्यासाठी खर्च केला तर तो वाया जात नाही.

एचयूएफ

एचयूएफला वेगळं पॅन, वेगळं रिटर्न आणि वेगळी ४ लाखांची सूट. आपलं व्याज तिथे आलं तर ४ लाखांवर काही नाही, उरलेल्या २० हजारांवर पाच टक्के, सेस धरून १,०४०. सव्वा लाखाच्या वर वाचले! हा आकडा दाखवूनच एचयूएफ विकला जातो.

पण तिथे पैसा आणायचा कुठून, तो खरा घोळ. आपलीच एफडी एचयूएफमध्ये टाकली की कलम ६४(२) लागतं आणि व्याज परत आपल्याच उत्पन्नात. मामा, सासरे, मित्र यांनी एचयूएफला गिफ्ट दिलं आणि वर्षाचा सगळा मिळून आकडा ५० हजारांच्या वर गेला तर ते गिफ्टच करपात्र, कारण एचयूएफचे नातेवाईक म्हणजे फक्त त्याचे मेंबर. राहिली वडिलोपार्जित मालमत्ता, आणि इथे नव्वद टक्के लोकांची समजूत चुकीची असते. वडील गेले, मृत्युपत्र नव्हतं, त्यांचं स्वकष्टाचं घर आपल्याकडे आलं, म्हणजे ते वडिलोपार्जित झालं आणि भाडं एचयूएफमध्ये दाखवता येईल, असं नाही होत. सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्येच चंदर सेन प्रकरणात सांगितलंय की हिंदू वारसा कायद्याने मुलाला मिळालेली अशी मालमत्ता त्याची वैयक्तिक. एचयूएफला चालेल ती जुनी एकत्र कुटुंबाची, वाटणीतून आलेली, किंवा आजोबांनी-वडिलांनी मृत्युपत्रात नाव घालून एचयूएफलाच दिलेली.

अजून एक, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ते ८७ए चं रिबेट फक्त माणसाला, एचयूएफला नाही. बारा लाख उत्पन्न असेल तर माणसाला शून्य आणि एचयूएफला ६२,४००. त्यामुळे एकेकाळी एचयूएफचा जेवढा फायदा होता तेवढा आता नाही राहिला, घरात कमी उत्पन्नाचं एखादं मोठं माणूस असेल तर ते एचयूएफपेक्षा स्वस्त पडतं.

आणि बाहेर पडणं. एचयूएफ काढणं सोपं, मोडणं अवघड, अर्धवट वाटणी इन्कम टॅक्सवाले १९७८ च्या अखेरनंतर धरतच नाहीत, पूर्ण वाटणी करावी लागते. मुलींचा हिस्सा बरोबरीचा आहे, महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच कायदा होता, देशभर २००५ ला आला. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला विचारायचं कशाला असं म्हणणाऱ्या कर्त्यांची (एचयूएफच्या प्रमुखांची) पुढे कोर्टात वाट लागते. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांना एचयूएफ नाहीच, बौद्ध-जैन-शिखांना आहे.

सरळ गिफ्ट

ज्याला कोणी भाव देत नाही तो पर्याय, कारण यात विकायला काहीच नाही. ६० लाख आईच्या खात्यात ट्रान्सफर केले, साधं गिफ्ट डीड केलं, तिने तिच्या नावाने एफडी केली. आई नातेवाईक आहे म्हणून गिफ्टवर टॅक्स नाही, आई-वडिलांच्या बाबतीत क्लबिंग (म्हणजे उत्पन्न फिरून देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरणं) नाही, तिला फॅमिली पेन्शन ३ लाख असेल तरी एकूण ७ लाख २० हजार, रिबेटमध्ये शून्य. वडील, सासू-सासरे, अठरावरची मुलं, सगळ्यांना हेच लागू. (शेअर्स किंवा म्युच्युअल फंडाचा भांडवली नफा असेल तर त्याच्या खास दराच्या टॅक्सवर हे रिबेट मिळत नाही, एफडीवर मिळतं.) बायकोला दिलं तर मात्र व्याज तुमचंच धरतात, त्या व्याजावर पुढे मिळालेलं व्याज तेवढं तिचं. मी तुझ्या बायकोला देतो, तू माझ्या बायकोला दे, ही चलाखीही कोर्टाने साठच्या दशकातच पकडलीय.

यातली रिस्क टॅक्सची नाही, घरातली आहे. पैसे आईचे म्हणजे खरंच आईचे. ती मृत्युपत्र न करता गेली तर त्या ६० लाखांत भाऊ-बहिणींचा सारखा वाटा, नॉमिनी म्हणून तुमचं नाव असलं तरी, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. म्हणून गिफ्टबरोबरच आईचं मृत्युपत्र, आणि भावंडांना आधीच सांगून. आणि दर महिन्याला तिचं व्याज जसंच्या तसं आपल्या खात्यात ओढायचं असेल तर हे करूच नका, पुढे चौकशी झाली तर गिफ्ट नावापुरतंच होतं असं म्हणायला जागा राहते.

घर असेल तर स्टॅम्प ड्युटीही बघा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलं, नातवंडांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. आई-वडील या यादीत नाहीत, आणि ट्रस्टच्या नावावर करताना ही सवलत धरून चालू नका, नुसत्या ड्युटीतच चार-पाच वर्षांचा वाचलेला टॅक्स जाऊ शकतो.

गोव्याच्या लोकांनी यातलं काही करायच्या आधी कलम ५ए वाचावं. पोर्तुगीज नागरी कायद्याची सामायिक मालमत्ता पद्धत ज्या जोडप्याला लागू आहे त्यांचं पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, भाडं, व्याज, धंदा, कायद्यानेच नवरा-बायकोत निम्मं-निम्मं होतं. सिंधुदुर्गातला माणूस ज्यासाठी धडपडतो ते पेडण्यात आपोआप मिळतं, रिटर्नमध्ये शेड्यूल ५ए तेवढं भरायचं.

माझं विचाराल तर, आई-वडील किंवा मोठी मुलं आहेत आणि घरात विश्वास आहे, तर गिफ्ट. जुनी वाटणीची मालमत्ता कागदोपत्री स्पष्ट आहे तर एचयूएफ चालू ठेवा, नवीन काढायच्या फंदात पडू नका. ट्रस्ट टॅक्ससाठी नको.

एक अपवाद मात्र आजोबा-आजींनी लक्षात ठेवावा. डिस्क्रीशनरी ट्रस्ट जिवंतपणी न करता मृत्युपत्रातून केला, आणि त्या माणसाने मृत्युपत्रातून केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल, तर वरचा दर लागत नाही, साध्या स्लॅबने टॅक्स लागतो. म्हणजे नातवंडांसाठी ट्रस्ट, कोणाला किती ते ट्रस्टी गरजेप्रमाणे ठरवणार, आणि टॅक्सही कमी, हे तिन्ही एकत्र इथे जमतं. पण दोन नातवंडांसाठी दोन वेगळे ट्रस्ट लिहिले की सवलत गेली, म्हणून वकिलाला मृत्युपत्राचा मसुदा करायला देतानाच सांगा, ट्रस्ट एकच.